ईए८८८ टर्बो इंजिनाच्या पिढ्या: काय बदलले, का बदलले आणि त्याची किंमत कुठे मोजावी लागली (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

ईए८८८ म्हणजे नेमके कोणते इंजिन, आणि पिढ्यांच्या तुलनेसाठी तेच का निवडले?

ईए८८८ हे फोक्सवॅगन समूहाने विकसित केलेले चार सिलिंडरांचे, थेट इंधन फवारणीचे टर्बो पेट्रोल इंजिन आहे. ते २००७ च्या सुमारास बाजारात आले. फोक्सवॅगन, ऑडी, स्कोडा आणि सिआट या चारही नावांच्या गाड्यांत ते बसवले गेले असून हंगेरीतील ग्योर येथील ऑडीचा कारखाना त्याच्या उत्पादनाचे मुख्य केंद्र राहिला आहे. आपल्याकडे स्कोडाच्या लॉरा, सुपर्ब आणि ऑक्टाव्हिया या गाड्यांमधून ते अनेकांच्या परिचयाचे झाले. या गाड्या औरंगाबादजवळच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या, शेंद्रा येथील कारखान्यात जुळवल्या जात होत्या.

तुलनेसाठी हे इंजिन सोयीचे ठरते, कारण त्याचा मूळ सांगाडा फारसा बदललेला नाही. सिलिंडरचा व्यास ८२.५ मिलिमीटर आहे. पिस्टनचा फेरा १.८ लिटरच्या इंजिनात ८४.१ मिलिमीटर आणि २.० लिटरच्या इंजिनात ९२.८ मिलिमीटर असून त्यामुळे क्षमता अनुक्रमे १७९८ आणि १९८४ घन सेंटिमीटर होते. ब्लॉक बिडाचा आहे, आणि तो पुढेही बिडाचाच राहिला. आकारमान आणि ढाचा कायम असल्यामुळे दर पिढीत अभियंत्यांनी कशाला हात लावला, हे स्पष्टपणे वेगळे काढून पाहता येते. मोठ्या क्षमतेचे नवे इंजिन आणून ताकद वाढवली असती, तर असे निरीक्षण शक्यच झाले नसते.

या इंजिनाच्या आधी काय होते?

ईए११३ या नावाचे कुटुंब होते. त्यातील १७८१ घन सेंटिमीटरच्या १.८ टर्बो इंजिनात प्रत्येक सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह होते आणि पेट्रोल सिलिंडरबाहेर, इनटेकच्या (हवा आत येण्याच्या) नळीत फवारले जात असे. भारतात आलेल्या पहिल्या ऑक्टाव्हिया आरएसमध्ये हेच इंजिन १५० पीएस (मेट्रिक अश्वशक्ती) ताकदीने मिळत होते. पुढे २००४ मध्ये त्याच कुटुंबातील २.० टीएफएसआय इंजिनाने टर्बो आणि थेट फवारणी एकत्र आणली. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारायचे, तर इंजेक्टरसाठी हेडमध्ये जागा हवी, म्हणून पाच व्हॉल्व्हची रचना सोडून पुन्हा चार व्हॉल्व्हकडे यावे लागले.

त्या २.० इंजिनाची कच्ची बाजू उच्च दाबाच्या इंधनपंपात होती. हा पंप कॅमशाफ्टवरून (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या फिरत्या दांड्यावरून) एका सपाट तळाच्या टॅपेटमार्फत, म्हणजे जोर पुढे देणाऱ्या टोपीमार्फत, चालत असे आणि घर्षणाने त्या टॅपेटला भोक पडेपर्यंत झीज होण्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. ईए८८८ मध्ये येथे रोलर असलेला टॅपेट आला. बदल लहान होता, पण मालकाच्या खिशाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा होता.

पहिल्या पिढीत मुख्य बदल कोणते झाले?

कॅमशाफ्ट फिरवण्यासाठी टायमिंग बेल्टऐवजी टायमिंग चेन आली. कंपन कमी करणारे दोन बॅलन्स शाफ्ट ब्लॉकमध्येच बसवले गेले. या शाफ्टसाठी एक आणि ऑइल पंपासाठी एक, अशा आणखी दोन चेन वेगळ्या होत्या. पाण्याचा पंप एका बॅलन्स शाफ्टवरून लहानशा पट्ट्याने फिरवला गेला. फवारणीचा दाब १५० बारपर्यंत होता आणि टर्बोचे टर्बाइन-घर (एक्झॉस्ट वायूने फिरणाऱ्या चक्राचे कवच) एक्झॉस्ट मॅनिफोल्डसह, म्हणजे सिलिंडरांतील जळालेला वायू गोळा करणाऱ्या नळ्यांसह, एकाच ओतीव भागात बनवलेले होते.

पहिल्या १.८ इंजिनाची ताकद १६० पीएस होती, तर २५० न्यूटन-मीटरचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) मिनिटाला १५०० पासून ४२०० फेऱ्यांपर्यंत सलग मिळत असे. या सलगपणातच त्या काळच्या चालकाला सर्वांत मोठा फरक जाणवला. जुन्या टर्बो गाड्यांमध्ये आधी काहीच न होणे आणि मग एकदम धक्का बसणे, हा अनुभव नेहमीचा होता. तो येथे जवळजवळ नाहीसा झाला.

चेन आली म्हणजे बेल्ट बदलण्याचा खर्च कायमचा वाचला, असे समजावे का?

असे समजू नये. चेन इंजिनाच्या आयुष्यभर टिकेल, असे गृहीत धरून तिच्या बदलाचे वेळापत्रक दिले गेले नव्हते. प्रत्यक्षात पहिल्या आणि दुसऱ्या पिढीतील चेनचा टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) हा या इंजिनाचा सर्वांत धोकादायक दोष ठरला. टेन्शनर तेलाच्या दाबावर काम करतो. इंजिन बंद असताना दाब नसतो, आणि तेव्हा चेन सैल पडू नये म्हणून टेन्शनरच्या दांड्यावर दाते आणि खटका असतो. जुन्या रचनेत हा खटका कमजोर होता. तो सुटला, की दांडा मागे जातो, चेन ढिली पडते, सुरू होताना एखादा दाता ओलांडते, आणि पिस्टन व व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात. पुढे खटक्याची रचना सुधारून नवा टेन्शनर देण्यात आला. अमेरिकेत या प्रश्नावर ग्राहकांनी सामूहिक दावा केला आणि तो तडजोडीने मिटला.

जुनी लॉरा किंवा सुपर्ब वापरणाऱ्यांनी तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. थंड इंजिन सुरू करताना पुढच्या बाजूने एकदोन सेकंद खडखडाट ऐकू आला, तर तो दुर्लक्ष करण्याजोगा नसतो. टायमिंग कव्हरवरील तपासणीच्या छिद्रातून टेन्शनरचा दांडा किती बाहेर आला आहे, हे मेकॅनिकला पाहता येते. शिवाय डायग्नॉस्टिक यंत्रावर कॅमशाफ्टची स्थिती किती सरकली आहे, तेही दिसते. चढावर गाडी केवळ गिअरच्या आधारावर उभी करू नये, कारण गाडी किंचित मागे सरकून इंजिन उलटे फिरले, तर जुन्या टेन्शनरवर नेमका नको तो ताण येतो. हँडब्रेक आधी ओढावा, मगच गिअर टाकावा.

दुसऱ्या पिढीला इतकी नावे का ठेवली जातात? ती खरोखर वाईट आहे का?

दुसरी पिढी २००८ नंतर हळूहळू आली आणि तिचे उद्दिष्ट रास्त होते: इंजिनाच्या आत वाया जाणारी ताकद कमी करणे. १.८ इंजिनात क्रँकशाफ्टच्या मुख्य बेअरिंगचा व्यास ५८ वरून ५२ मिलिमीटर केला गेला. ऑइल पंप गरजेनुसार दाब कमी-जास्त करणारा झाला, म्हणजे शांतपणे चालणाऱ्या इंजिनात विनाकारण जास्त दाबाने तेल ढकलण्याचे काम थांबले. पिस्टनच्या रिंग बारीक आणि कमी ताणाच्या केल्या गेल्या. हे तीनही उपाय कागदावर आणि प्रयोगशाळेत बरोबर आहेत, आणि आज जवळपास प्रत्येक उत्पादक ते वापरतो.

अडचण तिसऱ्या उपायात निघाली. तेल खरवडून खाली पाठवणारी रिंग बारीक झाली आणि पिस्टनमधील तेल परतीची छिद्रेही लहान होती. थोडा कार्बन साचला, की ही छिद्रे बुजत, रिंग अडकून बसे आणि तेल वर चढून जळू लागे. इंजिनातून धूर दिसत नसे, कारण एक्झॉस्टमधील उत्प्रेरक (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) तो बराचसा गिळून टाकत असे; मालकाला कळत असे ते डॅशबोर्डवर तेलाचा पिवळा दिवा लागल्यावर. २.० इंजिनाच्या ऑडी गाड्यांबाबत अमेरिकेत यावरही सामूहिक दावा होऊन तडजोड झाली. खात्रीचा उपाय एकच होता, तो म्हणजे सुधारित पिस्टन आणि जाड रिंग बसवणे. त्यासाठी इंजिन खोलावे लागते.

माझ्या मते या पिढीला सरसकट वाईट म्हणणे अन्यायाचे आहे. याच पिढीतील २.० इंजिनाने एक उत्तम कल्पना रूढ केली, तिचा उल्लेख पुढच्या प्रश्नात आहे. पण घर्षण कमी करताना सुरक्षिततेची राखीव जागा किती सोडावी, याचा हिशेब येथे चुकला, आणि त्याचा भुर्दंड ग्राहकांनी भरला.

एव्हीएस ही प्रणाली काय करते?

‘ऑडी व्हॉल्व्हलिफ्ट सिस्टिम’ (एव्हीएस) असे नाव दिलेल्या या रचनेत कॅमशाफ्टवर दोन वेगळ्या आकारांचे लोब (व्हॉल्व्ह दाबणारे उंचवटे) असलेली बाही बसवलेली असते. बाहीवर सर्पिल खाच असते. विद्युतचुंबकाने एक पिन त्या खाचेत सोडली, की शाफ्ट फिरता फिरता बाही बाजूला सरकते आणि व्हॉल्व्ह दुसऱ्या लोबवर चालू लागतो. हे सर्व एका फेऱ्यात घडते.

दुसऱ्या पिढीच्या २.० इंजिनात ही रचना एक्झॉस्टच्या बाजूला होती. चार सिलिंडरांत दर १८० अंशांनी एका सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो. व्हॉल्व्ह त्याहून जास्त काळ उघडा राहिला, तर नुकत्याच उघडलेल्या सिलिंडरमधून सुटलेला जोरदार झोत आधीच्या सिलिंडरमध्ये उलटा शिरतो, आणि तिथे ताजी हवा भरण्याऐवजी जळालेला वायू मागे राहतो. कमी फेऱ्यांवर याचा त्रास सर्वांत अधिक होतो. लहान लोब वापरून व्हॉल्व्ह लवकर बंद केला, की झोत वेगळे राहतात, टर्बाइनला नेमका मार मिळतो आणि खालच्या फेऱ्यांतच टॉर्क वाढतो. ऑडी ए४ मधील २११ पीएसच्या या इंजिनाने ३५० न्यूटन-मीटर दिले, त्यामागे हे मोठे कारण होते. काही उत्पादकांनी हाच प्रश्न दोन मार्गांच्या टर्बाइन-घराने सोडवला, ऑडीने कॅमशाफ्टने सोडवला.

तिसऱ्या पिढीतील सर्वांत महत्त्वाचा बदल कोणता?

एक्झॉस्ट मॅनिफोल्ड सिलिंडर हेडच्या आत गेला, हा. २०११ मध्ये ऑडीच्या १.८ टीएफएसआय इंजिनातून ही पिढी सुरू झाली आणि मला तरी या कुटुंबाच्या इतिहासातील खरी पायरी हीच वाटते, कारण येथे टर्बो हा इंजिनाला बाहेरून जोडलेला भाग राहिला नाही. हेड, शीतकरण आणि टर्बो यांची रचना एकत्र विचारात घेऊन झाली.

त्याचे महत्त्व समजण्यासाठी जुनी पद्धत पाहावी लागेल. टर्बो पेट्रोल इंजिनावर पूर्ण भार आला, की एक्झॉस्ट वायू इतका तापतो, की टर्बाइन वितळण्याच्या किंवा तडकण्याच्या वाटेवर जाते. त्यावरचा जुना उपाय म्हणजे गरजेपेक्षा जास्त पेट्रोल फवारणे. जादा पेट्रोल जळत नाही, ते बाष्प होताना उष्णता शोषते आणि वायू थंड करते. म्हणजे महामार्गावर वेगात जाताना किंवा घाट चढताना पेट्रोलचा एक हिस्सा केवळ थंडाव्यासाठी खर्च होत असे. वेगाने चालवल्यावर जुन्या टर्बो गाड्यांचे ॲव्हरेज कोसळत असे, त्याचे हे एक प्रमुख कारण होते.

मॅनिफोल्ड हेडमध्ये घेतल्यावर त्याच्याभोवती पाणी खेळवता येते. वायू टर्बाइनपर्यंत पोहोचण्याआधीच थंड होतो आणि जादा पेट्रोलची गरज बरीच कमी होते. उलट थंड इंजिन सुरू केल्यावर हीच उष्णता पाण्यात उतरते आणि इंजिन लवकर तापते. थंड इंजिनात तेल घट्ट असते, घर्षण जास्त असते, प्रदूषणही जास्त होते. त्यामुळे लवकर तापणे हे छोट्या अंतराच्या शहरी वापरात फार मोलाचे आहे.

याची दुसरी बाजूही आहे. पूर्वी एक्झॉस्टमधून बाहेर जाणारी उष्णता आता पाण्यात येते, म्हणून शीतकरणावरचा भार वाढतो. त्यासाठी साध्या थर्मोस्टॅटऐवजी विजेच्या मोटरने फिरणाऱ्या दोन गोल झडपांचे एकक बसवण्यात आले. ते सुरुवातीला इंजिनातील पाणी स्थिर ठेवू शकते आणि नंतर गरजेप्रमाणे हीटर, ऑइल कूलर व रेडिएटर यांना वाटून देते. या एककाचे आणि पंपाचे घर प्लॅस्टिकचे आहे, आणि तेथून पाणी गळणे ही या पिढीची ओळखीची तक्रार आहे. पाण्याची पातळी वारंवार कमी होत असेल, तर प्रथम येथेच पाहावे.

तिसऱ्या पिढीत आणखी काय बदलले?

घर्षण आणि वजन कमी करण्याचे काम पुढे चालूच राहिले. १.८ इंजिनात मुख्य बेअरिंगचा व्यास ५२ वरून ४८ मिलिमीटर झाला, क्रँकशाफ्टवरील प्रतिवजने आठवरून चार झाली, ब्लॉकच्या भिंती सुमारे साडेतीनवरून तीन मिलिमीटर झाल्या, आणि बॅलन्स शाफ्टला काही ठिकाणी रोलर बेअरिंग मिळाले.

टर्बोच्या वेस्टगेटचे (जादा एक्झॉस्ट वायू टर्बाइनला वळसा घालून सोडणाऱ्या झडपेचे) नियंत्रण हवेच्या दाबाऐवजी विजेच्या मोटरकडे गेले. पूर्वी वेस्टगेट उघडण्यासाठी टर्बोने आधी दाब तयार करावा लागे. विजेवर चालणारा वेस्टगेट हवा तेव्हा उघडता येतो, म्हणून गाडी संथ चालत असताना तो उघडा ठेवून एक्झॉस्टमधील अडथळा कमी करता येतो, आणि पाय दाबताच घट्ट बंद करता येतो.

थेट फवारणीच्या इंजिनांत इनटेक व्हॉल्व्हवर काजळी साचते, असे ऐकतो. कोणत्या पिढीत हा प्रश्न सुटला?

पूर्ण सुटला, असे कोणत्याही पिढीबद्दल म्हणता येणार नाही. तिसऱ्या पिढीत तो बराच हलका झाला. जुन्या इंजिनांत पेट्रोल व्हॉल्व्हवरूनच आत जात असल्याने ते व्हॉल्व्ह धुऊन निघत. थेट फवारणीत पेट्रोल व्हॉल्व्हला शिवतच नाही, आणि क्रँककेसमधून परत येणाऱ्या तेलाच्या वाफा तापलेल्या व्हॉल्व्हवर भाजून त्यांचा कठीण थर बनतो. पहिल्या दोन पिढ्यांमध्ये हा थर काही वर्षांनी हवेचा मार्ग अडवू लागतो. तेल पिणाऱ्या दुसऱ्या पिढीत तो साहजिकच जास्त दिसतो. इनटेक मॅनिफोल्ड काढून अक्रोडाच्या टरफलांच्या भुकटीचा मारा करून तो साफ करतात.

तिसऱ्या पिढीत युरोपसाठी प्रत्येक सिलिंडरला दोन इंजेक्टर दिले गेले: एक सिलिंडरमध्ये, २०० बार दाबाचा, आणि दुसरा इनटेकच्या नळीत, कमी दाबाचा. इंजिन सुरू होताना आणि मोठ्या भारावर थेट फवारणी, मध्यम भारावर नळीतील फवारणी, अशी विभागणी असते. मूळ हेतू सूक्ष्म कणांचे प्रदूषण कमी करण्याचा होता, व्हॉल्व्ह स्वच्छ राहणे हा सोबत मिळालेला लाभ आहे. अमेरिकेसाठीच्या इंजिनांत मात्र नळीतील इंजेक्टर नव्हते. तेव्हा पिढीच्या नावावर विसंबू नये. इनटेक मॅनिफोल्डवर इंधनाची दुसरी नळी आहे का, हे डोळ्यांनी पाहून खात्री करावी.

ताकदीच्या आकड्यांत किती फरक पडला?

गोल्फ जीटीआय ही गाडी येथे चांगले माप ठरते. पाचव्या गोल्फमधील ईए११३ ने २०० पीएस आणि २८० न्यूटन-मीटर दिले. सहाव्या गोल्फमध्ये ईए८८८ आले, तेव्हा २१० पीएस झाले आणि टॉर्क २८० वरच राहिला. सातव्या गोल्फमधील तिसऱ्या पिढीने २२० पीएस दिले, पण टॉर्क एकदम ३५० न्यूटन-मीटरवर गेला, तोही १५०० फेऱ्यांपासून. आठव्या गोल्फमध्ये सुरुवातीला २४५ पीएस आणि ३७० न्यूटन-मीटर होते.

पीएसचे आकडे पाहिले, तर सातव्या गोल्फपर्यंत दर पिढीला दहा-दहाची वाढ दिसते आणि काही विशेष घडले नाही, असे वाटू शकते. टॉर्कचा आकडा आणि तो किती फेऱ्यांपासून मिळतो, हे पाहिल्यावर तिसऱ्या पिढीची झेप लक्षात येते. रस्त्यावर, विशेषतः ओव्हरटेक करताना, गाडीचा स्वभाव या आकड्यावर ठरतो. म्हणून दोन टर्बो इंजिनांची तुलना करताना कमाल पीएस हा माझ्या दृष्टीने सर्वांत कमी माहिती देणारा आकडा आहे.

मग लॉरा आणि ऑक्टाव्हिया या दोन्ही १.८ टीएसआय गाड्यांचा टॉर्क २५० न्यूटन-मीटरच कसा?

कारण तेथे मर्यादा इंजिनाची नसून गिअरबॉक्सची आहे. ऑक्टाव्हियाच्या १.८ इंजिनासोबत दिलेला सात गिअरचा कोरड्या क्लचचा डीएसजी (दोन क्लचचा स्वयंचलित गिअरबॉक्स) सुमारे २५० न्यूटन-मीटरपर्यंतचाच टॉर्क सोसतो, म्हणून इंजिनाला त्या रेषेवर रोखून धरले आहे. हे स्पष्ट दिसते ते भारतात २०१६ मध्ये आलेल्या सुपर्बमध्ये: तेच १.८ टीएसआय इंजिन, तेच १८० पीएस, पण डीएसजीसोबत २५० आणि मॅन्युअल गिअरबॉक्ससोबत ३२० न्यूटन-मीटर. ऑडी ए४ मध्येही तिसऱ्या पिढीचे १.८ इंजिन १७० पीएस असूनही १४०० फेऱ्यांपासून ३२० न्यूटन-मीटर देत होते. इंजिनाची पिढी जोखताना त्याच्या मागे कोणता गिअरबॉक्स आहे, हे पाहिल्याशिवाय आकड्यांवरून निष्कर्ष काढू नये.

‘३बी’ या उपपिढीत ताकद न वाढवता काय साधले?

तिसऱ्या पिढीची ही उपपिढी २०१५ मध्ये ऑडीने १९० पीएस आणि ३२० न्यूटन-मीटरच्या २.० टीएफएसआय इंजिनातून आणली. तिचा गाभा म्हणजे राल्फ बुडाक या ऑडीच्या अभियंत्याच्या नावाने ओळखली जाणारी बी-सायकल. येथे एव्हीएस रचना एक्झॉस्टच्या बाजूने उचलून इनटेकच्या बाजूला नेली गेली. तीच यंत्रणा, पण तिला काम अगदी वेगळे मिळाले.

मध्यम भारावर इनटेक व्हॉल्व्ह क्रँकशाफ्टच्या केवळ १४० अंशांइतका काळ उघडा राहतो; नेहमीच्या इंजिनात हा काळ १९० ते २०० अंश असतो. पिस्टन खाली जात असतानाच, तळ गाठण्याच्या बराच आधी, व्हॉल्व्ह बंद होतो. आत आलेली हवा पिस्टनच्या उरलेल्या प्रवासात पसरते आणि थंड होते. परिणामी हवा दाबण्याचा प्रवास लहान राहतो, पण जळाल्यानंतर पसरण्याचा प्रवास पूर्ण मिळतो. हवा थंड असल्यामुळे ठोके येण्याचा (पेट्रोल अवेळी पेटण्याचा) धोका कमी होतो आणि कॉम्प्रेशन रेशो ९.६ वरून ११.७ पर्यंत नेता येतो. टर्बो इंजिनासाठी हा आकडा त्या वेळी फारच धाडसी होता. हवा भरण्याचा वेळ कमी पडतो, त्याची भरपाई टर्बो जास्त दाबाने करतो. पूर्ण ताकद हवी असेल, तेव्हा बाही सरकते आणि व्हॉल्व्ह १७० अंशांच्या मोठ्या लोबवर जातो.

सोबत फवारणीचा दाब २५० बार झाला आणि ०डब्ल्यू-२० इतके पातळ तेल वापरण्याची तरतूद झाली. मोठ्या इंजिनाला लहान इंजिनाइतके काटकसरी करण्याचा हा प्रयत्न मला मनापासून आवडतो, कारण यात क्षमता कमी करण्याची सोपी वाट धरलेली नाही.

चौथी पिढी किती वेगळी आहे?

तिला सर्वसाधारणपणे ‘ईव्हो ४’ म्हणतात आणि ती २०२० मध्ये आठव्या गोल्फसोबत आली. येथे भर मुख्यतः उत्सर्जनाच्या कडक मर्यादा पाळण्यावर होता: फवारणीचा दाब ३५० बारपर्यंत वाढवला गेला आणि युरोपात पेट्रोल इंजिनासाठी सूक्ष्म कण अडवणारा फिल्टर दिला गेला. गोल्फ आरमध्ये याच इंजिनाने ३२० पीएस आणि ४२० न्यूटन-मीटर दिले. २०२५ मध्ये भारतात आयात होऊन आलेल्या गोल्फ जीटीआयमध्ये ते २६५ पीएस आणि ३७० न्यूटन-मीटरचे आहे.

चाकणमध्ये बनणाऱ्या १.० टीएसआय इंजिनाचा ईए८८८ शी काही संबंध आहे का?

कुटुंब वेगळे आहे, विचार तोच आहे. तीन सिलिंडरांचे १.० टीएसआय हे ईए२११ या लहान इंजिनांच्या कुटुंबातील असून पुण्याजवळच्या चाकण येथे तयार होते आणि फोक्सवॅगन टायगुन, स्कोडा कुशाक अशा गाड्यांत बसते. ईए२११ च्या आधीच्या ईए१११ कुटुंबातील टर्बो इंजिनांना टायमिंग चेन होती आणि तिच्या तक्रारीही होत्या. ईए२११ मध्ये अभियंते चेन सोडून पुन्हा बेल्टकडे गेले, ॲल्युमिनियमचा ब्लॉक वापरला आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड हेडमध्ये घेतला. ईए८८८ मात्र चेनवर आणि बिडावर ठाम राहिले. एकाच समूहाने, जवळपास एकाच काळात, दोन कुटुंबांत परस्परविरोधी उत्तरे निवडली. यावरून दिसते, की चेन किंवा बेल्ट यांतील एक चांगले आणि दुसरे वाईट असे नसते. टेन्शनर, तेल आणि देखभालीचे वेळापत्रक मिळून टिकाऊपणा ठरतो.

जुनी गाडी घेताना तिच्यात कोणत्या पिढीचे इंजिन आहे, हे कसे ओळखावे?

विक्रीच्या वर्षावरून ओळखू नये, कारण पिढ्या वेगवेगळ्या गाड्यांत वेगवेगळ्या वेळी आल्या. टायमिंग कव्हरवरील किंवा ब्लॉकवरील इंजिन संकेत पाहावा. उदाहरणार्थ, बीझेडबी हा संकेत पहिल्या पिढीच्या १.८ चा, सीडीएए दुसऱ्या पिढीच्या १.८ चा, सीएईबी दुसऱ्या पिढीच्या २.० चा, सीजेएसए तिसऱ्या पिढीच्या १.८ चा आणि सीएचएचबी तिसऱ्या पिढीच्या २.० चा आहे.

कोणत्या पिढीची गाडी घेणे शहाणपणाचे?

निवड असेल, तर तिसरी. चेनचा टेन्शनर सुधारलेला असतो, तेलाची तक्रार दुर्मीळ होते, आणि मुख्य खर्च उरतो तो पाण्याच्या पंपाचा व थर्मोस्टॅट एककाचा. हा खर्च टोचणारा असला, तरी इंजिन गमावण्याइतका मोठा नसतो.

दुसऱ्या पिढीची गाडी स्वस्त मिळत असेल, तर दोन गोष्टींचा लेखी पुरावा मागावा: टेन्शनर आणि चेन बदलल्याची पावती, आणि तेलाच्या खपाची मोजणी. १००० किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंतचा खप कंपनीच्या पुस्तिकेत चालण्याजोगा मानलेला असतो. माझा सल्ला असा, की ज्या इंजिनाला नियमितपणे त्या मर्यादेच्या जवळपास तेल लागते, ते विकत घेऊ नये, कारण रिंग अडकण्याची क्रिया तेथे सुरू झालेली असते आणि ती आपोआप उलटत नाही.

कोणतीही पिढी असली, तरी तेल कंपनीच्या मानकाचेच घालावे आणि शहरातील थांबत-थांबत चालणाऱ्या वापरात वेळापत्रकापेक्षा लवकर बदलावे. टर्बोचे बेअरिंग, चेनचा टेन्शनर आणि कॅमशाफ्ट सरकवणारी यंत्रणा, या तिन्हींचे काम त्याच एका तेलावर चालते.

एका पिढीचे सुटे भाग दुसऱ्या पिढीला बसतात का?

बहुतेक महत्त्वाचे भाग बसत नाहीत. क्षमता सारखी असली, तरी बेअरिंगचे व्यास वेगळे आहेत, म्हणून क्रँकशाफ्ट अदलाबदल करता येत नाही. तिसऱ्या पिढीचा टर्बो थेट हेडवर बसतो, तर आधीचा मॅनिफोल्डसह येतो, त्यामुळे हेड बदलल्याशिवाय टर्बो बदलता येत नाही. सुधारित टेन्शनर मात्र त्याच्या जुन्या पिढीसाठीच काढलेला असल्याने बसतो, पण त्याच्यासोबत चेन, मार्गदर्शक पट्ट्या आणि टायमिंग कव्हरचे नवे बोल्ट घ्यावेत. कारण ताणलेल्या जुन्या चेनवर नवा टेन्शनर लावला, तर त्याचा दांडा पहिल्या दिवसापासूनच जास्त बाहेर आलेला असतो आणि त्याची पुढे सरकण्याची क्षमता लवकर संपते.